खमंग वास नकोसा होतो तेव्हा

सकाळी कढईत तेल तापतं, मोहरी तडतडते, चिमूटभर हिंग पडतो आणि त्यावर कांदा. पोह्यांच्या वासानं घरातले सगळे स्वयंपाकघराकडे वळतात. एक जण मात्र नाकाला रुमाल लावून गॅलरीत जाऊन उभा राहतो. त्याला फोडणीचा वास येत नाही असं नाही. वास येतो, पण तो जळक्या रबरासारखा, तुंबलेल्या गटारासारखा किंवा कशासारखा ते सांगताच येऊ नये असा. पोटात ढवळून येतं. दोन महिन्यांपूर्वीच्या तापातून तो कधीच बरा झालेला असतो. रक्ताच्या तपासण्या ठीक असतात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, ही जेवणाची नाटकं आहेत.

ती नाटकं नसतात. विषाणूच्या आजारानंतर वास बिघडणं ही डॉक्टरांना चांगली ठाऊक असलेली अवस्था आहे. तिला पॅरोस्मिया म्हणतात. वास अजिबात न येणं म्हणजे अ‍ॅनोस्मिया, आणि आसपास काहीच नसताना वास येत राहणं म्हणजे फँटोस्मिया. पॅरोस्मियात वस्तू समोर असते, तिचा वासही असतो, पण मेंदूपर्यंत भलताच वास पोहोचतो. साध्या सर्दीच्या आणि फ्लूच्या विषाणूंनंतरही हे होत आलं आहे. मात्र असे रुग्ण विखुरलेले होते, त्यामुळे फारशी चर्चा झाली नाही. कोविडनं चित्र बदललं. वास आणि चव जाणं हे भारतात जून २०२० मध्ये कोविडच्या लक्षणांच्या अधिकृत यादीत आलं. पुढच्या काही महिन्यांत, गेलेला वास परत येताना बिघडून आल्याच्या तक्रारी जगभरातून येऊ लागल्या.

क्रम साधारण असा असतो. आजारात वास जातो किंवा मंदावतो. मग काही आठवडे, बऱ्याचदा दोन-तीन महिने शांततेत जातात. माणूस म्हणतो, येईल हळूहळू. आणि एक दिवस कॉफीचा कप तोंडाशी नेताच तो धक्का बसतो. आजार आणि हा धक्का यांच्यात इतकं अंतर पडल्यामुळे दोन्हींचा संबंध अनेकांच्या लक्षातच येत नाही. कुणी पाण्याची टाकी धुऊन घेतं, कुणी तेलाचा ब्रँड बदलतं, कुणी पित्ताच्या गोळ्या सुरू करतं.

नाकात नेमकं काय घडतं? नाकपुड्यांच्या अगदी वरच्या टोकाला, जेमतेम काही चौरस सेंटिमीटर जागेत वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांच्यावर सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि २००४ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. एका वासासाठी एक ग्राहक असा हिशेब इथे नाही. प्रत्येक वासाला ग्राहकांचा एक गट प्रतिसाद देतो, आणि त्या गटावरून मेंदू वास ओळखतो. पेटीवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्यावर जो एकत्र सूर उमटतो, तसं काहीसं. त्यातल्या दोन पट्ट्या मुक्या झाल्या तरी पेटी वाजते, पण सूर भलताच लागतो.

कोरोनाचा विषाणू या चेतापेशींवर थेट हल्ला करत नाही, असं २०२० मध्येच संशोधकांच्या लक्षात आलं. त्याला आत शिरण्यासाठी लागणारा एसीई-२ हा दरवाजा असतो तो चेतापेशींना धरून ठेवणाऱ्या आधारपेशींवर. आधारच कोसळला की चेतापेशीही निकामी होतात. शरीराची एक चांगली सोय अशी की वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात. शरीरातल्या फार थोड्या चेतापेशींना ही मुभा आहे. पण नव्या पेशीला आपला धागा नाकाच्या छताच्या चाळणीसारख्या हाडातून वर नेऊन मेंदूतल्या घ्राणकंदात ठरलेल्या जागीच जोडावा लागतो. दुरुस्ती अर्धवट असताना काही जोडण्या झालेल्या असतात, काही राहिलेल्या असतात, काही चुकीच्या जागी गेलेल्या असू शकतात. मेंदूला अपुरा निरोप मिळतो आणि तो त्याचा अर्थ धोक्याच्या बाजूनं लावतो.

म्हणूनच पॅरोस्मिया हे बहुधा दुरुस्ती चालू असल्याचं लक्षण मानलं जातं. ज्याला भाताचाही उबग आलाय, त्याला हे सांगून फारसा दिलासा मिळत नाही, हेही खरंच.

सगळेच वास का बिघडत नाहीत, ठरावीकच का, या प्रश्नावर इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात डॉ. जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. कॉफीच्या वासातले रेणू यंत्रानं वेगवेगळे करून एकेक रेणू पॅरोस्मिया असलेल्यांना हुंगायला दिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉफीतले १५ रेणू त्रासदायक ठरले. त्यातला सगळ्यात उपद्रवी होता गंधकयुक्त असा २-फ्युरानमिथेनथायॉल. ज्यांचं नाक ठीक आहे त्यांना याच रेणूला भाजलेल्या कॉफीचा छान वास येतो. बाधितांना तो किळसवाणा वाटला. असे रेणू हवेत अत्यल्प असले तरी नाकाला कळतात, आणि बहुधा म्हणूनच अर्धवट दुरुस्त झालेलं नाक सर्वांत आधी त्यांनाच पकडतं. एरवी त्यांना सौम्य करणारे बाकीचे वास सोबत नसतात.

आता हे रेणू सापडतात कुठे? काही भाजल्यावर, तळल्यावर, परतल्यावर तयार होणाऱ्या वासांत आणि कांदा-लसणातल्या गंधकयुक्त वासांत. मराठीत ज्याला आपण 'खमंग' म्हणतो, त्याचं रसायनशास्त्र जवळपास हेच आहे. भाजलेलं खोबरं, परतलेला कांदा, शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, हिंगाची फोडणी, तव्यावर डाग पडलेली पोळी, अंडं, मटण, वर कॉफी. युरोपातल्या रुग्णाला कॉफी, टोस्ट आणि मांस टाळून बरंच निभावता येतं. आपल्याकडे मात्र वाटण-फोडणीशिवाय स्वयंपाक सुरूच होत नाही. उपासाच्या दिवशी तरी सुटका होईल असं वाटावं, तर साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतंच.

तरीही खाता येण्यासारखं पुष्कळ उरतं. जे भाजलेलं-तळलेलं नाही आणि गरम नाही, ते सहसा सोसतं. वाफाळत्या पदार्थातून वासाचे रेणू जास्त उडतात, त्यामुळे तोच पदार्थ गार करून खाल्ला तर त्रास कमी होतो. दहीभात, दहीपोहे, ताक, फोडणी न घातलेली काकडीची कोशिंबीर, लसूण न घालता केलेली सोलकढी, इडली, पनीर, मोड आलेले मूग, वरणाऐवजी नुसती शिजवलेली डाळ मीठ-लिंबू घालून, फळं. आंबट, खारट, गोड, कडू ही चव जिभेची असते, आणि नाक बिघडलं तरी बहुतेकांची जीभ शाबूत राहते. आपण 'तोंडाची चव गेली' म्हणतो, पण जातो तो बहुतेक वेळा वास. मिरचीचा झणका, आल्याचा तिखटपणा, पुदिन्याचा गारवा हे तर तिसऱ्याच चेतातंतूकडून कळतात. म्हणून लिंबू, कोकम, मिरची, आलं यांच्या जोरावर जेवणात थोडी जान आणता येते. मात्र प्रत्येकाची यादी वेगळी असते. एकाला तूप चालतं, दुसऱ्याला तुपानंच मळमळतं. आठवडाभर वहीत नोंद ठेवली की आपली यादी आपल्याला सापडते. टूथपेस्ट नकोशी वाटत असेल तर वेगळ्या स्वादाची आणून पाहावी. अगदीच खाववत नसेल तेव्हा काही जण पोहताना लावतात तसा मऊ चिमटा नाकाला लावून जेवतात. दिसायला विचित्र असलं तरी घशामागून नाकात जाणारा वास त्यानं अडतो आणि चार घास पोटात जातात.

दर आठवड्याला वजन मात्र करावं. काहींचं झपाट्यानं उतरतं. काहींचं उलट वाढतं, कारण सोसणाऱ्या गोष्टींत बिस्किटं आणि आइस्क्रीम यांचाच भरणा असतो. मधुमेह असलेल्यांनी आहार बदलताना डॉक्टरांशी बोलावं, कारण औषधाचा डोस जेवणावर बेतलेला असतो.

घरातला ताण हा या दुखण्याचा न दिसणारा भाग. जी बाई रोज सगळ्यांचा स्वयंपाक करते तिलाच पॅरोस्मिया झाला, तर ती रोज दोन वेळा त्या वासात उभी असते, आणि विषाणूनंतरचे वासाचे बिघाड स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. अशा वेळी 'तू खाऊ नकोस, आमच्यापुरतं कर' हे सांगणं उपयोगाचं नाही. फोडणीचं काम महिना-दोन महिने दुसऱ्या कुणी तरी हाती घेणं, कांदा-वाटण दोन-तीन दिवसांचं एकदम करून ठेवणं, खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखा आधी चालू करून मग कढई चढवणं, एवढ्यानंही फरक पडतो. याहून अवघड गोष्ट म्हणजे माणसांचे वास. नवऱ्याचा, बायकोचा, स्वतःच्या घामाचाही वास असह्य होऊ शकतो. याबद्दल बोलायला लोक लाजतात आणि जवळच्या माणसाला वाटतं, आपल्याला टाळलं जातंय. कारण सांगून टाकलेलं बरं. मन खचत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

सुरक्षेचा एक मुद्दा इथे टाळून चालणार नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हा गंधकयुक्त रेणू मुद्दाम मिसळतात. नाक बिघडलेल्याला तो वास येणार नाही, किंवा रोजच्याच घाण वासांत तो मिसळून जाईल. एकट्यानं राहणाऱ्यांनी गॅस अलार्म बसवावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं अलार्म जमिनीजवळ हवा. पाइपचा गॅस हलका असल्यानं तो छताजवळ लागतो. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी, रबरी नळी वेळच्या वेळी बदलावी. गळतीची शंका आली तर विजेच्या बटणांना हात न लावता दारं-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावं आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा. शिळ्या अन्नाबाबत नाकावर विसंबू नये. डब्यावर तारीख लिहावी, किंवा घरातल्या दुसऱ्या नाकाची मदत घ्यावी.

उपचारांत आज सर्वाधिक सुचवला जातो तो वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी हे चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. चारही गोष्टी आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. चार लहान बाटल्यांत कापसावर थेंब-दोन थेंब तेल किंवा अर्क टाकून, किंवा लवंग कुटून, झाकण लावून ठेवावं. प्रत्येक बाटली पंधरा-वीस सेकंद हलकेच हुंगावी, मध्ये थोडं थांबावं, आणि हुंगताना तो मूळ वास आठवण्याचा प्रयत्न करावा. तेल नाकात घालू नये. एखादा वास किळसवाणा वाटत असेल तर तो बदलून सोसणारा घ्यावा. यानं प्रत्येकाला गुण येतोच असं नाही आणि बारा आठवडे पुरतातच असंही नाही, पण अपाय नाही आणि खर्च नगण्य.

अपाय होऊ शकेल असे उपाय वेगळेच आहेत. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं नाकात घालायच्या काही जस्तयुक्त औषधांपासून सावध केलं होतं, कारण त्यांनी वासच जात असल्याच्या तक्रारी होत्या. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हा बिघाड सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. मधुमेहात स्टेरॉइड मनानं घेतल्यावर काय होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या साथीत पाहिलं आहे. कोविडकाळात समाजमाध्यमांवर एक तोडगा फिरत होता, संत्रं आगीवर काळं होईपर्यंत भाजून साखर घालून खाण्याचा. भाजणं आणि करपवणं यातूनच हे त्रासदायक रेणू तयार होतात, हे कळल्यावर त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एकदा जाऊन यावंच. आधी कुठलाही सर्दी-ताप नसताना वास बिघडला असेल, त्रास एकाच नाकपुडीला असेल, नाकातून रक्त किंवा पू येत असेल, डोक्याला मार लागला असेल, तर उशीर करू नये. घाण वास काही सेकंदच येऊन त्याबरोबर भान हरपत असेल तर ते फिटचं लक्षण असू शकतं. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ लागतात. सायनसचा किंवा दाढेचा जंतुसंसर्गही घाण वास देतो, आणि तो उपचारानं जातो.

बहुतेकांचा पॅरोस्मिया काही महिन्यांत निवळत जातो, काहींना दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, थोड्यांमध्ये काही वास कायमचे बदललेले राहतात. सुधारणा एका रात्रीत होत नाही. किळसवाणा वास आधी नुसताच विचित्र होतो, मग फिका, मग ओळखीचा वाटावा इतपत जवळचा. म्हणून नको वाटणारा पदार्थ यादीतून कायमचा काढू नये. दर दोन-तीन आठवड्यांनी त्याचा एक गार घास, चमचाभर कूट किंवा कॉफीचा एक घोट घेऊन पाहावा आणि वहीत तारीख टाकून एक शब्द लिहावा. जून महिन्यात 'असह्य' लिहिलेल्या शेंगदाण्यापुढे ऑक्टोबरात 'चालेल' असं लिहिलेलं सापडू शकतं.