थकलेला हप्ता आणि देशाची गुपितं

क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि अणुपाणबुडीचा आराखडा. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध? अमेरिकेत आहे, आणि अगदी जवळचा आहे!

तिथे सरकारची गुपितं हाताळायची तर 'सिक्युरिटी क्लिअरन्स' लागतो. मग तो सैनिक असो, शास्त्रज्ञ असो, की संरक्षण खात्याचं कंत्राट घेतलेल्या कंपनीतला इंजिनिअर. त्यासाठी भरायचा 'एसएफ-८६' हा अर्ज शंभराहून जास्त पानांचा. राहिलात कुठे, परदेशात नातलग कोण, मित्र कोण... सोयरीक जुळवतानाही एवढी चौकशी होत नाही! आणि मग पैशांची पाळी येते. गेल्या ७ वर्षांत दिवाळखोरी पत्करलीत का? कर थकवलात का? कुठलं देणं १२० दिवसांहून जास्त थकलं का?

सरकारला या उठाठेवी कशाला? उत्तर १९८५ सालात सापडतं. ऑल्ड्रिच एम्स हा सीआयएचा अधिकारी घटस्फोट आणि उधळपट्टीमुळे कर्जात रुतला होता. तो स्वतःहून वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत गेला आणि ५०,००० डॉलरला गुपितं विकून आला. पुढची नऊ वर्षं तो विकतच राहिला. त्याने उघडे पाडलेले कितीतरी हेर जिवानिशी गेले.

पण गंमत पुढे आहे. कर्ज फिटल्यावर याच एम्सने ५,४०,००० डॉलरचं घर रोख पैशांत घेतलं आणि जॅग्वार गाडी दारात उभी केली. पगार तर वर्षाला ७०,००० डॉलरही नव्हता! म्हणून आजच्या नियमांत थकलेलं कर्ज जितकं खटकतं, तितकाच कुठून आला ते सांगता न येणारा पैसाही खटकतो.

मग किती कर्ज म्हणजे जास्त? इथे खरं आश्चर्य आहे: असा आकडाच नाही! निकालाच्या १३ निकषांपैकी आर्थिक बाबींचा निकष 'एफ'. तो विचारतो, कर्ज झालं कशामुळे आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत? नोकरी गेली, दुखणं आलं, संसार मोडला, कुणी तुमच्या नावावर परस्पर कर्ज उचललं, हे सगळं लक्षात घेतलं जातं. मात्र त्या अडचणीतही जबाबदारीने वागल्याचं दिसलं पाहिजे. सावकारांशी बोललात का? हप्ते बांधून घेतलेत का? ते नेमाने भरताय का? त्यामुळे दिवाळखोरीतून गेलेल्यालाही क्लिअरन्स मिळू शकतो, आणि ऐपत असून छोटी देणी टाळणाऱ्याला नाकारला जाऊ शकतो.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे, मुदत उलटली म्हणून न्यायालयात वसूल होऊ न शकणारं कर्जही इथे सुटत नाही. कायद्याने पाठ सोडली तरी प्रश्न उरतोच: फेडायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता का? आणि कर्ज लपवलं तर? तो वेगळाच दोष, कर्जापेक्षाही जड. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे.

कंत्राटदार कंपनीतल्या कर्मचाऱ्याला नकार मिळाला, तर तो न्यायाधीशासमोर सुनावणी मागू शकतो. हे निकाल नावं गाळून प्रसिद्ध होतात. गुपितांच्या राज्यातला हा केवढा उघडा कोपरा! तरी तराजू समतोल नाही. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केलं. शंका उरली, तर कौल देशाच्या सुरक्षेच्या बाजूने.

शिवाय परीक्षा एकदाच होत नाही. पूर्वी फेरतपासणी ५ किंवा १० वर्षांनी व्हायची. आता संगणक सतत नोंदी चाळत असतो. म्हणून अर्ज करणाऱ्याने आधी आपला क्रेडिट रिपोर्ट काढावा, आपल्या देण्यांची यादी करावी, प्रत्येक हप्त्याची पावती जपावी. भूतकाळातलं कर्ज पुसता येत नाही, पण ते फेडतानाची आपली वागणूक मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. आणि ही अवाढव्य यंत्रणा तोलते ती नेमकी तीच!