उच्छ्वासाचा परतीचा प्रवास

शस्त्रक्रियागृहाचे दार बंद झाले की बाहेरच्या बाकावर नवकार मंत्राचा जप सुरू होतो आणि आप्तांच्या मनात शल्यचिकित्सकाचेच नाव असते. आत मात्र रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाने एक मोठा भार आधीच उचललेला असतो. पित्ताशयासारख्या पोटाच्या शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाते. त्यामुळे श्वसनाचे स्नायूही थांबतात. जैन परंपरेने सांगितलेल्या दहा प्राणांत श्वासोच्छ्वास हा एक प्राण आहे. शस्त्रक्रिया संपेपर्यंत तो प्राण दोन नळ्या, दोन झडपा, एक भाता आणि चुन्याच्या दाण्यांनी भरलेला एक डबा यांच्या हवाली असतो.

श्वासनलिकेत बसवलेल्या नळीला बाहेर दोन फाटे फुटणारा एक जोड असतो. तेथून वळ्या असलेल्या दोन नळ्या यंत्राकडे जातात. वळ्यांमुळे नळी वाकली तरी मुडपून बंद होत नाही. एकीतून वायू रुग्णाकडे येतो, दुसरीतून उच्छ्वास परत जातो. यंत्राच्या टोकाशी प्रत्येक मार्गावर पारदर्शक झाकणाखाली एक हलकी चकती असते. योग्य दिशेच्या प्रवाहाने ती उचलली जाते, उलट प्रवाहाने जागेवर बसते. इतकी साधी ही झडप. पण ओलाव्याने ती उघडीच अडकली, तर रुग्ण आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेऊ लागतो.

व्हेंटिलेटरचा भाता पारदर्शक पेटीत असतो. घड्या लोहाराच्या भात्यासारख्याच. मात्र दाबणारा हात नसतो. पेटीत सोडलेला वायू भात्याला बाहेरून दाबतो आणि भात्यातला वायू फुप्फुसांत जातो. हे दोन वायू एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या काही यंत्रांत भाता वरून लोंबकळत असे. नळी निसटली तरी तो स्वतःच्या वजनाने खाली उतरे आणि सारे सुरळीत असल्याचा भास होई. तळावर उभा असलेला भाता अशी फसवणूक करीत नाही. नळी निसटली की तो वर चढतच नाही. आता अनेक यंत्रांत भात्याची जागा पिस्टनने घेतली आहे.

पण उच्छ्वास सरळ बाहेर का सोडून देत नाहीत? भुलेखालील प्रौढ व्यक्ती मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर प्राणवायू वापरते आणि सुमारे 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. उच्छ्वासात उरलेला प्राणवायू, भुलेचे महागडे औषध, ऊब आणि ओलावा हे सारे पुन्हा उपयोगी पडणारे असते. काढून टाकायचा तो केवळ कार्बन डायऑक्साइड. लंडनच्या जॉन स्नो यांनी 1850 च्या सुमारास पोटॅश वापरून हा प्रयोग स्वतःवर केला. 1924 मध्ये अमेरिकेत राल्फ वॉटर्स यांनी सोडा लाइमचा डबा वापरात आणला आणि 1930 मध्ये ब्रायन स्वोर्ड यांनी आजच्यासारखे वर्तुळाकार मंडल मांडले. भिंतीला लावायच्या चुन्यात जो कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, तोच सोडा लाइमचा मुख्य घटक. तो वायू शोषू लागला की डबा हाताला उबदार लागतो आणि शक्ती संपत आली की पांढरे दाणे जांभळे दिसू लागतात.

त्यामुळे मिनिटाला पाच-सहा लिटर ताजा वायू सोडण्याऐवजी एक लिटरच्या आतबाहेरही काम भागते. कोणाही व्यापाऱ्याला पटेल अशी ही काटकसर. ती पर्यावरणाच्याही हिताची आहे. भुलेच्या औषधांपैकी डेस्फ्लुरेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट असल्याने युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून त्याच्या वापरावर कडक निर्बंध घातले आहेत.

मात्र काटकसरीला डोळ्यांत तेल घालून राखण लागते. शनिवारी प्राणवायूचा प्रवाह चुकून चालू राहिला तर सोमवारपर्यंत चुना कोरडा पडतो आणि त्यावरून डेस्फ्लुरेन गेल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. बोटाला लावलेला साधा ऑक्सिमीटर तो ओळखत नाही. आकडा उत्तमच दाखवत राहतो. म्हणून दिवसाच्या पहिल्या रुग्णाआधी मंडलात दाब भरून गळती तपासणे, चुना पाहणे आणि वीज वा वायू खंडित झाल्यास हाताने श्वास देण्याची पिशवी जवळ ठेवणे, हा नित्यक्रम असतो.

शस्त्रक्रियेदरम्यान सर्वांत बोलकी असते ती कॅप्नोग्राफची रेषा. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ती उंचावते, श्वासाबरोबर शून्यावर येते. ती एकाएकी सपाट झाली तर पहिली शंका नळी सुटल्याची. शून्यावर उतरेनाशी झाली तर चुना थकला आहे किंवा झडप अडकली आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइडच भरला जातो. त्यातला काही रक्तात शिरतो, रेषेची उंची वाढते आणि भूलतज्ज्ञ श्वासाचे प्रमाण वाढवतो.

शेवटी औषधाचा अंमल उतरू लागतो. व्हेंटिलेटर बाजूला करून मंडलाला रबरी पिशवी जोडली जाते. काही क्षण ती निश्चल असते. मग किंचित आक्रसते, पुन्हा फुगते. पडद्यावर एक लहानसा, वेडावाकडा उंचवटा उमटतो. भूलतज्ज्ञ पिशवीवरचा हात सैल करतो आणि रुग्णाला नावाने हाक मारतो.