मुले प्रेक्षागृहात, मोठी माणसे रंगमंचावर

कोल्हापूरच्या रंगभूमीला लहान मुलाचे कौतुक नवे नाही. 1890 मध्ये जन्मलेले केशवराव भोसले घरच्या गरिबीमुळे कोवळ्या वयातच नाटक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदे’च्या भूमिकेत गाजले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख एक पोरगा गाऊन दाखवीत होता आणि ते ऐकण्यासाठी समोर बसलेली मंडळी मात्र प्रौढ होती! शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे याच केशवरावांचे नाव लाभले. मूल रंगमंचावर आले. प्रेक्षागृहात त्याच्यासाठी म्हणून जागा कोणी राखली नाही.

ती राखण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’च्या वतीने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. पऱ्या-चेटकिणींच्या या दुनियेने पिढ्यांना वेड लावले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. तथापि मुलाच्या स्वतःच्या घरात, शाळेत, जिन्यात जे घडते, त्याचे नाटक होऊ शकते काय, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर मराठीत आणले ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारशास्त्राच्या एका प्राध्यापकाने. ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस म्हणून डॉ. मोहन आगाशे सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचे हे दुसरे काम त्या मानाने झाकलेलेच राहिले. बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांनी 1966 पासून उभ्या केलेल्या ‘ग्रिप्स’ नाट्यचळवळीचा मराठी अवतार त्यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये ‘छान छोटे वाईट्ट मोठे’च्या रूपाने पुण्यात अवतरला. ‘ग्रिप्स’ या शब्दाचा बोलभाषेतील अर्थ अक्कल. येथे परी नाही, राक्षस नाही. एकटेपणा, दटावणी, मोठ्यांचे खोटे बोलणे हेच कथानक. आणि मुलांच्या भूमिका करतात त्या प्रौढ नटांनी. केशवरावांच्या काळची मांडणी येथे नेमकी उलटी होते: पाठांतराचे ओझे मोठ्यांनी वाहायचे, मुलांनी बसून पारख करायची.

अशा नाटकांनी मुले उद्धट होतील, अशी शंका पालकांना येणे स्वाभाविक आहे. परंतु भीती आणि राग बोलून दाखविता येणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. उलट ते दाबून ठेवण्याचे परिणाम काय होतात, हे मनोविकारांच्या वैद्याइतके कोणाला कळणार? आगाशे यांनी दवाखाना आणि रंगभूमी यांत भिंत बांधली नाही. स्मृतिभ्रंशावरील ‘अस्तु’ आणि नैराश्यावरील ‘कासव’ हे चित्रपटही त्याच वाटेवरचे. 2004 मध्ये जर्मनीने त्यांना गटे पदक दिले. आपल्याकडे बालनाट्य अजून उन्हाळी सुटीच्या शिबिरातून आणि स्नेहसंमेलनातून बाहेर पडावयाचे आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. त्याच्या पुनर्बांधणीसाठी शासनाने निधीही जाहीर केला. नाट्यगृह महापालिकेचे, आणि शहरातील गोरगरिबांची मुले ज्यांत शिकतात त्या शाळाही महापालिकेच्याच. नाटकांना सहसा मागणी असते ती संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी. आठवड्यातील एखादी सकाळ विनाभाडे मुलांच्या नाटकाला द्यावयाची, आणि वर्ग घेऊन शिक्षकांनी चालत यावयाचे, यासाठी एका ठरावापलीकडे फारसे काही लागू नये.