खाऱ्या पाण्यातली दोस्ती

मंडळी, 'फिश टँक' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? डेंटिस्टच्या वेटिंग रूममधली काचेची पेटी, तळाशी बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि दोन कंटाळलेले गोल्डफिश. (आत ड्रिलचा आवाज सुरू झाला की पेशंटपेक्षा तेच जास्त दचकतात!) पण आज सांगणार आहे ते या टँकबद्दल नाही. आज सांगायचंय ते घरातल्या दिवाणखान्यात समुद्राचा तुकडा सांभाळणाऱ्या लोकांबद्दल आणि त्यांच्या एका अजब नियमाबद्दल. तो नियम असा: जी वस्तू तुम्हाला गमवायची नसेल, ती आधी वाटून टाका. ऐकायला उलटं वाटतं ना? थांबा, पटेल.

२०११ ते २०१३ ही दोन वर्षं मी एम.एस.साठी अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या एडिसनला होतो. एडिसन म्हणजे नावापुरतीच अमेरिका! ओक ट्री रोडवर इडलीपासून पूजेच्या सामानापर्यंत सगळं मिळतं. तिथे मूळच्या गिरगावच्या एका काकांच्या घरी बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहत होतो. वरच्या मजल्यावर काका, काकू आणि ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८४ लिटरचा रीफ टँक. घरात वजन कोणाचं जास्त, हे काकूंना विचारलं असतं तर त्यांनी टँककडे बोट दाखवलं असतं.

आता रीफ टँक म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. (पेंगू नका, व्हायव्हाला विचारीन!)

रीफ म्हणजे प्रवाळांची वस्ती. प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्यापासून वाटीएवढ्या आकाराचे हे जीव पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात आणि स्वतःभोवती चुनखडीचं घर बांधतात. म्हणजे सिव्हिलवाले! त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल पेइंग गेस्ट म्हणून राहतं. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडं म्हणून देतं. म्हणून या टँकला भरपूर उजेड लागतो. पाणी फार तापलं की हा करार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरंफटक होतं. बातम्यांमध्ये 'ब्लीचिंग' म्हणतात ते हेच.

पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात. म्हणजे काकांच्या टँकमध्ये जवळजवळ १० किलो मीठ! अर्थात मेसच्या आमटीतलं नव्हे, समुद्राच्या प्रमाणात सगळे क्षार मिसळलेलं खास मीठ. तापमान २५-२६ अंश. पंप सतत चालू, कारण प्रवाळ जागचं हलत नाही, त्याच्यासाठी पाण्यानेच हलायला हवं. शिवाय 'स्किमर' नावाचं एक यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं. सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटते आणि फेसाबरोबर वरच्या कपात जमा होते. त्या कपाचा वास... हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरचे मोजे आठवा. असो.

हे सगळं विकत आणलं तरी पहिले चार ते सहा आठवडे टँकमध्ये एकही मासा सोडायचा नाही! माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी. हे दोन्ही कामगार दगडांच्या छिद्रांत पुरेसे वाढेपर्यंत रिकाम्या खाऱ्या पाण्याकडे बघत बसायचं. ही पद्धतही टप्प्याटप्प्याने सापडली. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवाणूंसकट समुद्रातले जिवंत दगड वापरून टँक चालवायची रीत लिहून प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला स्किमरची जोड दिली. म्हणजे हा छंदही एकमेकांच्या वह्या बघूनच पुढे गेलाय!

काकांचा दिवस कसा जायचा ते सांगतो. सकाळी उठून आधी टँक, मग चहा. रात्रभरात पाण्याची वाफ होते, पण मीठ मागे राहतं. म्हणून वर भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. (हा प्रश्न मी इथे फर्स्ट इयरला विचारतो. निम्मा वर्ग चुकतो.) मग काचेवरचं शेवाळ चुंबकाने पुसणं, स्किमरचा कप धुणं. माशांसाठी गोठवलेली बारीक कोळंबी फ्रीजरमध्ये, नेमकी आइस्क्रीमच्या शेजारी. काका स्वतः पक्के शाकाहारी हो! काकू म्हणायच्या, "आमच्या घरात मासे खात नाहीत, माशांना खायला घालतात."

रविवारी सकाळी डायनिंग टेबलवर टायट्रेशन. हो, तेच! कॅल्शियम ४२०च्या आसपास आहे का हे बघायला ई.डी.टी.ए., आणि अल्कलिनिटीसाठी थेंब थेंब आम्ल. आपण फर्स्ट इयरला शेजारच्या टेबलवरून रीडिंग 'आणतो', आणि इथे पन्नाशीचा माणूस आपणहून तीन-तीन रीडिंग घेतोय! कारण साधं आहे. प्रवाळ वाढतं म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम खातं. ते मोजून परत घालायचं, पुन्हा मोजायचं. कंट्रोल सिस्टिम्समधला फीडबॅक लूप, फक्त सेन्सरच्या जागी काका. यात घाई चालत नाही. एका दिवसात आकडा वर नेला तर प्रवाळ दगावतं, आठवडाभरात हळूहळू नेला तर जगतं.

आता माणसांकडे वळू.

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी सगळे रीफवाले जमायचे. त्यात एक नर्सबाई होत्या, एक प्लंबर, एक ट्रक चालवणारा सरदारजी, शाळेतून निवृत्त झालेले एक सायन्सचे मास्तर, दोन-तीन आपले आय.टी.वाले. एरवी ही माणसं एका खोलीत बसली नसती. पण दार उघडल्यावर "कसे आहात?" हा प्रश्न माणसाला नसायचाच. "अल्कलिनिटी किती?" हा पहिला प्रश्न! यजमानाचा टँक बघताना मात्र आवाज देवळात आल्यासारखे हळू. मग पिझ्झा, मग काकूंचे बटाटेवडे, आणि मग मुख्य कार्यक्रम: फ्रॅगची देवाणघेवाण.

फ्रॅग म्हणजे प्रवाळाचा कापलेला तुकडा. बोटाच्या पेराएवढी फांदी हाडं कापायच्या कात्रीने तोडायची, आपण चप्पल चिकटवतो त्याच जातीच्या झटपट गोंदाच्या जेलने सिरॅमिकच्या बुंध्यावर चिकटवायची. हा गोंद ओल्यातही धरतो. दोन-तीन आठवड्यांत जखम भरते, तुकडा बुंध्यावर पसरतो आणि नवी वसाहत सुरू होते. मूळ प्रवाळाची हुबेहूब प्रत! नियमही होते. तुकडा घरी नेल्यावर आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे कीड पसरत नाही. काही बटणासारख्या जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, म्हणून हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय कापाकापी नाही. आणि नवशिक्याला पहिला तुकडा फुकट. त्याने तो वाढवून पुढच्या नवशिक्याला द्यायचा, झाली फेड.

मी एकदा काकांना विचारलं, "काका, एवढी दुर्मिळ जात, तुम्ही वाटत का सुटता?" ते म्हणाले, "अरे, माझ्या टँकमध्ये आहे तोवर ती एकच आहे. पाच घरांत गेली की माझी झाली."

याचा अर्थ मला कळला २०१२च्या ऑक्टोबरमध्ये.

२९ ऑक्टोबरला, सोमवारी संध्याकाळी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं. झाडं तारांवर पडली, लाखो घरांची वीज गेली, त्यात आमचीही. वीज गेल्यावर रीफ टँकचं काय होतं? पंप थांबतो, पाणी हलत नाही, हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळणं जवळजवळ बंद. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन कमी मावतो. मासे, प्रवाळ, दगडांतले ते कामगार जिवाणू सगळे श्वास घेतच असतात. त्यात घर गार पडत चाललेलं. एक जीव मेला की तो कुजायला आणखी ऑक्सिजन लागतो, मग दुसरा मरतो. सिव्हिलवाले ज्याला 'प्रोग्रेसिव्ह कोलॅप्स' म्हणतात, ते पाण्यात घडतं.

त्या रात्री आम्ही टँकला रजया गुंडाळल्या. गॅस काडीने पेटत होता, म्हणून पाणी तापवून बाटल्यांत भरलं आणि बाटल्या टँकमध्ये तरंगत ठेवल्या. बॅटरीवरचा एक छोटा हवेचा पंप होता, तो पुरा पडत नव्हता. मग काका, काकू आणि मी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या. काम एकच: तांब्याने पाणी उचलायचं, वरून धार धरून परत ओतायचं. सबमिशनच्या आदल्या रात्रीही मी एवढा जागलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी फोनाफोनी झाली. प्लंबरकडे एकच जनरेटर होता. त्याने तो ट्रकमध्ये टाकला आणि घरोघर फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक घरी एक तास, मग पुढचं घर. आपल्याकडच्या भारनियमनासारखंच, फक्त इथे वेळापत्रक पाळलं जात होतं! काही तासांनी एकदा तासभर पंप चालला तरी टँक तग धरतो, हा त्यामागचा हिशेब. पेट्रोलसाठी मैलभर रांगा. शनिवारपासून गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांनाच पेट्रोल मिळू लागलं. मग सम नंबरवाला विषम नंबरवाल्यासाठी कॅन भरून आणायचा. नर्सबाईंच्या भागात वीज तिसऱ्या दिवशी आली. ड्यूटीवरून येऊन त्या बादल्या घेऊन उभ्या: "ज्याला जे वाचवायचंय ते माझ्याकडे आणा." त्यांच्या बाथटबमध्ये त्या आठवड्यात सात घरांचे मासे नांदत होते.

आमची वीज सहाव्या दिवशी आली. काकांचे दोन मासे गेले, बाकी टँक वाचला. पण निवृत्त मास्तरांचं घर किनाऱ्याच्या बाजूला होतं. रस्ते बंद, तिथवर ट्रक पोचलाच नाही. त्यांचा अठरा वर्षांचा टँक संपूर्ण गेला. आम्ही गेलो तेव्हा ते मेलेली प्रवाळं धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने वाळत घालत होते. कुणी काही बोललं नाही. सरदारजींनी कोट काढला आणि टँक धुवायला घेतला.

टँक पुन्हा भरून तयार व्हायला हिवाळा गेला. मार्चमध्ये मास्तरांच्या घरी मंडळी जमली. प्रत्येकाच्या हातात एक डबा. मास्तरांनी अठरा वर्षांत जे तुकडे वाटले होते, त्यांचेच तुकडे परत आले होते. हिरव्या फांद्यांचं एक प्रवाळ त्यांनी टँकच्या पहिल्या वर्षी लावलेलं. त्यांच्या घरातलं मेलं होतं, पण नर्सबाईंकडे ते जिवंत होतं, काकांकडे होतं, आणि ज्यांनी मास्तरांना कधी पाहिलंही नव्हतं अशा एका कॉलेजच्या पोराकडेही होतं. त्या दिवशी चार डब्यांतून तेच प्रवाळ निघालं. तसंच दुसरं नव्हे बरं का, प्रत असल्यामुळे तेच! मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "अल्कलिनिटी किती ठेवली होतीस?"

इंजिनिअरिंगच्या भाषेत याला 'रिडंडन्सी' म्हणतात. आता हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली जातेय. २०१४ साली फ्लोरिडाच्या समुद्रात प्रवाळांचा एक रोग आढळला आणि भराभर पसरला. तेव्हा शास्त्रज्ञांनी रोग पोचायच्या आधी निरोगी प्रवाळं काढून समुद्रापासून दूर, अमेरिकेतल्या निरनिराळ्या राज्यांतल्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत सांभाळायला दिली. एका टँकवर विसंबायचं नाही, हाच नियम!

या छंदाला काळी बाजूही आहे. समुद्रातले मासे सायनाइडने गुंगवून पकडणं, रीफ तोडून विकणं, हे प्रकार झालेत. म्हणून तर घरी वाढवलेला तुकडा महत्त्वाचा, त्यासाठी समुद्राला हात लावावा लागत नाही. आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळं आली, म्हणजे वाघाच्याच यादीत. तेव्हा मालवणला स्नॉर्केलिंगला जाल तर डोळे भरून बघा, खिसा भरून आणू नका. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, आपल्या पिढीने ते संपवायला नको.

आता कुणी म्हणेल, सर, याचा आमच्याशी काय संबंध? आहे ना राव! परीक्षेच्या आठवड्यात स्वतःच्या नोट्स उशीखाली दडवून झोपणारे महाभाग प्रत्येक विंगमध्ये एक-दोन असतातच. पेन ड्राइव्ह करप्ट होतो, वही रिक्षात राहते, आणि मग ते दारोदार फिरतात. ज्याने नोट्स अख्ख्या मजल्याला वाटल्या, त्याची वही हरवली तर चार खोल्यांतून चार झेरॉक्स हजर! तेव्हा वाटा. सर्किट, कोड, नोट्स, घरून आलेले लाडू... लाडवांची प्रत निघत नाही हे खरं, पण पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या घरून चिवडा येतो.

आणि हो, हॉस्टेलच्या खोलीत रीफ टँक ठेवू का, हे विचारायला कृपया माझ्या केबिनमध्ये येऊ नये. पाणी, दगड आणि काच धरून वजन साडेतीनशे किलोच्या पुढे जातं. स्लॅबचं काय होईल ते आधी सिव्हिलच्या सरांना विचारा, आणि त्यांची सही घेऊन या!