जुन्या मालमोटारीची पूर्ण न उघडणारी झडप

भाजीपाला किंवा मीठ भरलेली जुनी मालमोटार सपाट रस्त्यावर ठीक चालते; चढ लागतांच मात्र तिचा दम संपतो, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. अशा वेळीं बहुतेक मालक कार्ब्युरेटर खोलावयास लावतात किंवा नवाच आणून बसवितात. आमचा अनुभव असा कीं, दोष पुष्कळदां कार्ब्युरेटरांत नसून चालकाच्या पायापासून कार्ब्युरेटरापर्यंत जाणाऱ्या जोडणींत असतो. तो ओळखण्यास थोडा वेळ व एक सोबती एवढेंच लागतें.

हें विवेचन पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांपुरतें आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या डॉज व फार्गो या पेट्रोलच्या मालमोटारी त्यांपैकींच होत. १९५४ सालीं टाटांच्या डिझेल मालमोटारी निघूं लागल्या व पुढें डिझेलचेंच चलन पडलें. डिझेल एंजिनास कार्ब्युरेटर नसतो.

कार्ब्युरेटराचें काम हवा व पेट्रोल यांचें मिश्रण करण्याचें. वजनानें सुमारें १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल हें साधारण प्रमाण. हवेच्या मार्गांत थ्रॉटल नांवाची वाटोळी चकती आडव्या आसावर फिरते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला कीं केबल किंवा सळई या आसाचा लिव्हर ओढते व चकती उघडते. पाय पूर्ण दाबल्यावर ती हवेच्या प्रवाहास समांतर, म्हणजे जवळजवळ उभी व्हावी. ती अर्धीच उघडली तरी रिकाम्या गाडीस सपाटीवर फरक कळत नाहीं. भरल्या गाडीस चढावर पुरें मिश्रण लागतें, तेथें उणीव उघडी पडते.

तपासणीची रीत अशी. एंजिन बंद करून निवूं द्यावें, किल्ली काढावी, हातब्रेक लावून चाकांस दगडांचें अटकण द्यावें. जवळ विडी अथवा दिवा नसावा. हवेची गाळणी काढावी, चोकची झडप उघडी धरावी व बॅटरीच्या उजेडांत आंत पाहावें. सोबत्यानें चालकाच्या जागीं बसून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा. चकती कोठपर्यंत फिरते हें लक्षांत ठेवावें. मग त्यानें पाय काढल्यावर लिव्हर हातानें फिरवून पाहावा.

यावरून तीन निष्कर्ष निघतात. हातानें पूर्ण उघडते, पायानें उघडत नाहीं, तर दोष जोडणींत. हातानेंही उघडत नाहीं, तर दोष कार्ब्युरेटरांत: आस गंजला, चिकटा सांचला किंवा बसविलेली गॅस्केट चकतीस अडते. दोन्ही रीतींनीं पूर्ण उघडते, तर थ्रॉटल निर्दोष समजून पेट्रोलची गाळणी, फ्लोट, जेट, चोक व ठिणगीची वेळ यांकडे वळावें.

भाईंदर पूर्वेस जेसल पार्कच्या खाडीकांठीं आम्ही अशीच एक मालमोटार पाहिली. गायमुख घाटांत ती भाजीसह दोनदां थांबली होती. माल सुकला, बाजार हुकला. मालकानें नवा कार्ब्युरेटर बसविला होता, तरी दोष तसाच. वरील रीतीनें पाहतां चकती हातानें पूर्ण उघडे, पायानें जेमतेम अर्धी. अ‍ॅक्सिलरेटरखालीं जाड चटई दुमडली होती, केबलच्या आवरणाची पकड सैल होऊन तें सरकत होतें आणि आंतील तार गंजली होती. खाडीच्या खाऱ्या, दमट वाऱ्यांत तार गंजावयाचीच. चटई काढली, पकड आवळली व तार नवी घातली. गंजलेल्या तारेवर तेल सोडणें हा चार दिवसांचा उपाय आहे.

परंतु त्याहून गंभीर गोष्ट निराळीच निघाली. पाय जड लागतो म्हणून चालकानें थ्रॉटल मिटविणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकीं एक काढून टाकली होती व दुसरी सैल पडली होती. घर्षणामुळें झडप मिटतांनाही अडखळे. आम्ही केवळ ती उघडण्याची सोय करून थांबलों असतों, तर भरली गाडी उतारावर पूर्ण उघड्या झडपेनिशीं धांवली असती. चढावर थांबलेली गाडी मालाचें नुकसान करते. उतारावर न थांबणारी माणसांचा जीव घेते.

म्हणून जुळणी करतांना दोन्ही टोकें सांभाळावीं. पाय सुटला असतां केबलला किंचित् ढील असावी व चकती मंद चालीच्या स्क्रूवर टेकावी. पाय तळास टेकतो त्याच क्षणीं चकती पूर्ण उघडावी. नाहीं तर पायाचा सगळा भार लिव्हरवर येऊन तो वांकतो. शेवटीं कोठूनही पाय काढला तरी झडप तत्काळ मिटते कीं नाहीं, हें दहा वेळां पाहावें. न मिटल्यास गाडी रस्त्यावर आणूं नये. चालतांना झडप अडकलीच, तर ब्रेक दाबून गाडी न्यूट्रल करावी व थांबल्यावर एंजिन बंद करावें.

आणखी एक सूचना. पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २०२२ सालीं १० टक्के व २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत गेलें. ऊस पिकविणाऱ्यांस हें हिताचें. पण इथेनॉल पाणी ओढतें व जुन्या जातीच्या रबरास सोसत नाहीं. बराच काळ उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या नळ्या, गॅस्केट व फ्लोटची वाटी पावसाळ्यानंतर अवश्य तपासावी.

नवा कार्ब्युरेटर विकत घेण्यापूर्वीं अ‍ॅक्सिलरेटरखालची चटई उचलून पाहावी, एवढीच आमची विनंती. तिला पैसा पडत नाहीं.