पेकिंगचा राजवाडा आणि नागपूरचा वाडा

चीनच्या बादशाही दरबाराच्या गोष्टी आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. बंद महाल, खोजांचा पहारा, सवतीमत्सर, विषप्रयोग, आणि या सर्वांच्या आड जपलेले एखादे प्रेम, अशी त्यांची सामग्री असते. वाचून झाल्यावर आपण म्हणतो, दूरदेशीच्या या अद्भुत कथा; आपला त्यांच्याशी काय संबंध? आमचे म्हणणे असे की संबंध आहे, आणि तो कन्हानकरांनी तर अवश्य ध्यानात घ्यावा. नदीपलीकडे कामठीची छावणी १८२१ साली वसली. ती का वसली याचा शोध घेऊ लागले की पावले नागपूरच्या राजवाड्याच्या अंतःपुराकडेच वळतात.

प्रथम चीनची हकीकत पाहू. ग्वांग्शू हा १८७५ साली वयाच्या चौथ्या वर्षी बादशहा झाला. कारभार होता त्याची मावशी, राजमाता त्सशी हिच्या हाती. तिनेच त्याला वाढविले आणि १८८९ साली आपली भाची त्याला पट्टराणी म्हणून करून दिली. पत्नीच्या नात्याने महालात आलेली ही स्त्री राजमातेच्याच घरची होती. बादशहाचे मन मात्र झेन नावाच्या दुसऱ्या राणीवर जडले. १८९८ साली त्याने राज्यसुधारणेचे हुकूम काढताच राजमातेने सत्ता पुन्हा आपल्या हाती घेतली, त्याला तळ्यातील एका बेटावर कोंडले आणि झेनला त्याच्यापासून तोडले. १९०० साली परकी फौजा राजधानीत शिरल्या. दरबार पळून जाताना झेनचा अंत राजवाड्यातल्याच एका विहिरीत झाला. पुढे नोव्हेंबर १९०८ मध्ये बादशहा वारला आणि दुसऱ्याच दिवशी राजमाता. शंभर वर्षांनी, २००८ साली, बादशहाच्या केसांची तपासणी झाली, तेव्हा त्यात सोमलाचे प्रमाण घातक असल्याचे चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

आता आपल्या नागपुरास येऊ. दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. १८०३ च्या देवगावच्या तहात त्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गमावले होते. तरी कंपनीची तैनाती फौज मात्र त्यांनी अखेरपर्यंत राज्यात येऊ दिली नाही. त्यांचे पुत्र परसोजी चाळिशीच्या घरात होते, पण शरीराने पंगू आणि बुद्धीने दुबळे. गादी त्यांचीच होती. ती चालविणे त्यांच्या हातून होण्याजोगे नव्हते. मग त्यांच्या नावाने राज्य कोणी चालवावे?

दोन पक्ष पडले. एका बाजूस रघूजींची आवडती राणी बाकाबाई. परसोजी तिच्या पोटचे नव्हेत, पण त्यांचा सांभाळ तिच्याकडे होता. खजिन्यावर पकड असलेले धर्माजी भोसले तिच्या पक्षाचे. दुसऱ्या बाजूस परसोजींचे चुलत बंधू अप्पासाहेब. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. राजा स्वतः काही ठरवू शकत नसला तरी प्रत्येक हुकूम त्याच्याच नावाने निघतो. म्हणून ज्याच्या ताब्यात राजा, त्याच्या ताब्यात शिक्का. अशा वेळी आजारी माणसाची शुश्रूषा हीच राज्यातली सर्वांत मोठी मुखत्यारी होऊन बसते. बाकाबाईची माया खरी होती की नव्हती याचा निवाडा आज करता येणार नाही. ती खरी असली तरी तिच्याभोवती पहारा बसणे अटळ होते.

एप्रिल १८१६ मध्ये अप्पासाहेबांनी धर्माजींस पकडले आणि मुखत्यारी मिळविली. तरी वाड्यातला विरोध मावळला नाही. आपल्याच घरच्या माणसांची भीती वाटू लागली की मनुष्य बाहेरच्याचा आधार शोधतो. अप्पासाहेबांनी तोच शोधला. मे महिन्यात, नागपंडित आणि नारायण पंडित यांच्यामार्फत, रेसिडेंट जेन्किन्सशी गुपचूप तह झाला. फौज कंपनीची, खर्च भोसल्यांचा, वर्षाला साडेसात लाख रुपये! रघूजींनी जी गोष्ट तेरा वर्षे टाळली, ती त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांत घडून आली.

पुढे अप्पासाहेब चांद्याकडे गेले असता, १ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी बिछान्यात मृत आढळले. घातपाताची कुजबुज झाली, परंतु कंपनीने अप्पासाहेबांची गादी मान्य केली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेबांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. त्यानंतर मात्र त्याच मृत्यूचे पुरावे गोळा झाले आणि तो खून म्हणून अप्पासाहेबांच्या माथी मारण्यात आला. आरोप खरा असेलही; पण तो केव्हा उपयोगी पडला हे पाहण्यासारखे आहे. १८१८ साली पदच्युत झालेले अप्पासाहेब कैदेतून निसटले आणि १८४० साली जोधपूरच्या आश्रयास असता वारले.

या सर्व गडबडीत एका व्यक्तीची आठवण कोणी फारशी ठेवीत नाही. ती म्हणजे परसोजींची पत्नी काशीबाई. पती गेल्यावर ती सती गेली. ज्या पतीभोवती दोन्ही पक्षांचे पहारे होते, त्याच्याशी तिचा संसार कसा झाला असेल? तिच्या प्रेमाचे वा भयाचे एकही अक्षर आपल्यापर्यंत आलेले नाही. झेनच्या निदान कथा झाल्या.

बाकाबाई मात्र राहिली. १८१८ साली रघूजींच्या मुलीचा मुलगा तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसला आणि या अल्पवयी राजाचा सांभाळ पुन्हा तिच्याकडे आला. या वेळी दारावरचा पहारा कंपनीचा होता. १८५३ साली ते निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले.

दोन्ही दरबारांत दोष प्रेमाचा नव्हता, आणि केवळ महत्त्वाकांक्षेचाही नव्हता. दुबळ्या राजाचा सांभाळ कोणी, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली करावा याचा उघड नियमच नव्हता. राजा कसा आहे, असे विचारीत आत जाण्याचा अधिकार प्रजेतील कोणालाच नव्हता. जी माया बाहेरच्या डोळ्यांना पाहू दिली जात नाही, तिचा तुरुंग व्हावयास वेळ लागत नाही.

राजे गेले, वाडे गेले. पण अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस, त्याच्या उशाशी ठेवलेली किल्ली आणि कागदावर घ्यावयाचा त्याचा अंगठा, ही आजही कितीतरी घरांतील गोष्ट आहे. अशा घरात सेवा करणाऱ्याने हिशेब चारचौघांत मांडावा आणि आजाऱ्याला भेटावयास येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवावे. त्यात सेवेचा अपमान नाही. उलट सेवा करणाऱ्याचीच अब्रू त्याने राखली जाते.