प्लास्टरबोर्डाची धूळ : धोका नेमका कोठे?

प्लास्टरबोर्ड म्हणजे जाड कागदाच्या दोन थरांमध्ये बसविलेला जिप्समचा गाभा होय. जिप्सम हे सजल कॅल्शियम सल्फेट असून त्याची धूळ डोळे, नाक व घसा यांचा दाह करते. परंतु शुद्ध असल्यास ती फुप्फुसांना कायमची इजा करणारी मानली जात नाही.

खरा धोका तक्त्यांचे सांधे बुजविणाऱ्या लुकणात असतो. त्यात शंखजिरे, अभ्रक व कित्येकदा स्फटिकी सिलिका असते. वाळलेले लुकण घासताना सिलिकेचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात आणि दीर्घकाळ संपर्क राहिल्यास सिलिकोसिस हा असाध्य रोग जडू शकतो. अमेरिकेत १९७७ साली बंदी येण्यापूर्वी काही लुकणांत अ‍ॅस्बेस्टॉसही घालीत; म्हणून जुन्या भिंती परीक्षणावाचून घासू नयेत.

तेथील 'नायॉश' या संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, घासकाम करणाऱ्यांभोवती कायदेशीर मर्यादेच्या, म्हणजे दर घनमीटरास १५ मिलिग्रॅमच्या, दहापटीपर्यंत धूळ आढळली. घासणीला शोषकयंत्र जोडताच ती ८० ते ९७ टक्क्यांनी घटली. तात्पर्य, धूळ उगमापाशीच धरणे हा पहिला उपाय होय. श्वसनरक्षक मुखवटा हा त्यानंतरचा.